गृहस्थांचे महागान

गाणे ऐकावयाचे ते एकट्याचे आणि भजन करावयाचे ते चौघांनी, अशी आपल्याकडील एकंदर वहिवाट आहे. मैफलीत बुवा किंवा बाई गातात. मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य मधूनमधून आवाज देतो, परंतु त्याने गुरूच्या पुढे जाऊ नये व गुरूहून निराळे असे काही म्हणूही नये, असा संकेत आहे. भजनात, दिंडीत, आरतीत पन्नास गळे एकत्र येतात, पण चाल एकच असते. संगीत नाटकाची नांदी चारपाच नटांनी म्हटली तरी तिचीही गोष्ट तीच. म्हणजे एका वेळी एकच सुरावट, हा नियम दोन्हीकडे सारखाच पाळला जातो. शंभर माणसे एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटी गात आहेत आणि तरीही तो गोंगाट नसून गाणे आहे, ही कल्पनाच आपल्या कानास परकी वाटते.

आम्ही राहतो त्या किनवटास मात्र ही कल्पना समजावून सांगणे एका परीने सोपे आहे. पैनगंगेच्या काठचा, सागाच्या रानाने वेढलेला हा मुलूख १९५६ पर्यंत अदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो नांदेडास जोडला गेला. परंतु राज्यांची पुनर्रचना झाली म्हणून माणसांच्या जिभा काही बदलत नाहीत. बाजाराच्या दिवशी रस्त्यात उभे राहिले की मराठी, तेलुगू, गोंडी आणि गोरमाटी अशा चार भाषा एकाच वेळी कानी पडतात. नवख्यास तो निव्वळ कलकलाट वाटतो. येथे जन्म काढलेल्यास त्यातून भाव, भांडण, सोयरीक, सारे उमगते. आता अशी कल्पना करावी की कोणा एका बुद्धिमंताने हे सर्व आधीच कागदावर योजून ठेवले आहे : तेलुगू बाईने कोणत्या क्षणी बोलू लागावे, गोंड म्हाताऱ्याने तिचेच वाक्य दोन शब्द उशिरा कसे उचलावे, तिसऱ्याने कोठे थांबावे, आणि चौघांचेही बोलणे अखेर एकाच अर्थावर कसे येऊन मिळावे. युरोपातील वृंदगायन म्हणतात ते साधारणतः असे असते.

त्यातील चार गळ्यांस नावे आहेत. स्त्रियांच्या उंच आवाजास सोप्रानो व खालच्या आवाजास आल्टो, पुरुषांच्या उंच आवाजास टेनर व खर्जातल्या आवाजास बास म्हणतात. प्रत्येक गटाची ओळ निराळी लिहिलेली असते आणि ती तशीच गावयाची असते. पदरचा एक सूरही घालावयाचा नाही. आपल्या गवयास हे बंधन जाचक वाटेल, आणि ते आहेही. वैदिक परंपरेची माहिती असलेल्या वाचकांस येथे सामगानाची आठवण होईल. सोमयागात प्रस्तोता, उद्गाता आणि प्रतिहर्ता हे तिघे सामाचे निरनिराळे भाग वाटून घेतात व शेवटचे निधन तिघे मिळून म्हणतात. गाण्याची विभागणी आपणांसही प्राचीन काळापासून ठाऊक होती, हे त्यावरून दिसते. परंतु तेथे एकामागून एक असे गावयाचे असते. एकाच वेळी निरनिराळे गाण्याची वाट आपण धरली नाही. आपली सारी प्रतिभा एका सुरावटीच्या विस्तारात रमली, आणि त्यातून जे निर्माण झाले त्याबद्दल हळहळण्याचे काही कारण नाही.

परंतु ह्या निवडीची एक किंमत पडली, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. आपल्या श्रेष्ठ संगीतात सामान्य माणसास केवळ श्रोत्याची जागा उरली. पंधरावीस वर्षे तालमीत घालविल्याशिवाय त्याने तोंड उघडू नये. उघडावयाचेच असेल तर देवळात टाळ घेऊन बसावे. युरोपात मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एक निराळा प्रकार घडत गेला. १७९१ साली बर्लिन येथे कार्ल फ्रीडरिख फाश ह्याने ‘झिंग-अकाडेमी’ नावाची गायनसंस्था स्थापिली. तीत धंद्याने गाणारे लोक नसून शिक्षक, कारकून, व्यापारी, त्यांच्या बायका व मुली असत. आठवड्यातून ठरल्या संध्याकाळी जमावे, कागद हाती घ्यावे आणि जुन्या आचार्यांच्या अवघड रचना घोटाव्यात, हा त्यांचा क्रम. चर्चच्या गायनात शतकानुशतके स्त्रियांस मज्जाव असे व उंच स्वर लहान मुलांकडून गाववीत. ह्या संस्थांतून कुलीन घरच्या स्त्रिया पुरुषांच्या जोडीने उघडपणे उभ्या राहून गाऊ लागल्या. (कुलीन स्त्रीने चारचौघांत गावे की नाही, ह्या वादात आपल्याकडे विसाव्या शतकाचा बराच काळ खर्ची पडला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) ह्याच बर्लिनच्या संस्थेकडून १८२९ साली वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने बाखचे विस्मृतीत गेलेले ‘मॅथ्यू पॅशन’ पुन्हा गाऊन घेतले. पुढे जर्मनीत गावोगाव अशी मंडळे निघाली आणि त्यांच्यासाठीच एकोणिसाव्या शतकातील मोठाल्या वृंदरचना लिहिल्या गेल्या. त्यांतील एका रचनेची हकीकत येथे विस्ताराने सांगावयाची आहे. ती योहान्नेस ब्राम्सची असून तिचे नाव ‘जर्मन रेक्विएम’ असे आहे.

रेक्विएम म्हणजे मृतासाठी म्हणावयाची प्रार्थना. रोमन कॅथलिक पंथात तिची लॅटिन संहिता ठरलेली आहे : मृताच्या आत्म्यास शांती मिळो, शेवटच्या न्यायाच्या दिवशी त्याची सुटका होवो, अशी ती याचना असते. ब्राम्सने ती संहिता बाजूस ठेवली. ल्यूथरने जर्मन भाषेत आणलेल्या बायबलमधून त्याने स्वतः वचने वेचली, आणि ती अशा बेताने वेचली की गाण्याचा रोख मृतावरून निघून मागे राहिलेल्यांकडे वळावा. त्याचा पहिला शब्द ‘धन्य’ ह्या अर्थाचा आहे, आणि ज्यांना धन्य म्हटले आहे ते शोक करणारे लोक आहेत. मृतांस धन्य म्हटले आहे ते अगदी शेवटच्या, सातव्या भागात.

आपल्याकडे माणूस गेला म्हणजे दहा दिवस घरात जे चालते ते बहुतांशी गेलेल्याच्या वाटेसाठी असते. पिंड त्याच्यासाठी, दिवा त्याच्यासाठी, गरुडपुराणातील मार्गवर्णनही त्याचेच. आमच्या मातोश्री निवर्तल्या तेव्हा पैनगंगेच्या घाटावरचे सर्व विधी यथासांग झाले व त्यांत मन गुंतून राहिले, हा त्यांचा उपकार आम्ही मानतो. पण रात्री आळीतील भजनी मंडळ येऊन ओसरीवर बसे, आणि घरातील माणसांस धीर वाटे तो त्या तासाभरात. ती मंडळी आम्हांस उपदेश करीत नसत. आमच्याजवळ बसून गात, इतकेच. ब्राम्सचे गाणे आम्ही पुढे कित्येक महिन्यांनी ऐकले. भाषा कळत नव्हती, पण ही बैठक ओळखीची वाटली.

त्याची स्वतःची आईही त्याच गाण्याच्या मुळाशी होती, असे मानण्यास जागा आहे. ब्राम्स १८३३ साली हांबुर्ग येथे जन्मला. बाप डबल बास वाजवून पोट भरणारा. आई ख्रिस्तियाने शिवणकाम करणारी आणि नवऱ्याहून सतरा वर्षांनी वडील. म्हातारपणी त्या दोघांचे पटेनासे होऊन १८६४ साली ती वेगळी झाली. मुलाने समेटाची खटपट केली, ती व्यर्थ गेली. १८६५ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नास त्याला भावाची तार मिळाली. तो तसाच निघाला, पण हांबुर्गास पोहोचला तेव्हा आई गेलेली होती. त्याच वर्षी त्याने ही रचना नेटाने हाती घेतली. तथापि तीतील एक भाग त्याहून जुना आहे. १८५३ साली वीस वर्षांच्या ब्राम्सची ज्याने एका लेखाने सर्व जर्मनीस ओळख करून दिली, त्या रॉबर्ट शूमानने पुढच्याच वर्षी वेडाच्या भरात ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्यास बाहेर काढले गेले, पण उरलेली दोन वर्षे वेड्यांच्या इस्पितळात काढून १८५६ साली तो वारला. त्या आघाताच्या दिवसांत ब्राम्सने एक चाल लिहून ठेवली होती. तीच पुढे ह्या रचनेच्या दुसऱ्या भागात आली.

हा दुसरा भाग प्रथमच ऐकणारासही पकडून ठेवतो. ती एक शवयात्रेची चाल आहे, पण तीन मात्रांची. दोन पायांच्या माणसाने तीनाच्या लयीत कसे चालावे? पाऊल टाकावे तेव्हा सम कधी डाव्या पायावर येते, कधी उजव्या. त्यामुळे ती मिरवणूक पुढे सरकते आहे की जागच्या जागी हेलावते आहे, हे कळेनासे होते. टिंपनी नावाची तांब्याच्या भांड्याची नगाऱ्यासारखी वाद्ये अगदी हलक्या हाताने एकच आघात पुनःपुन्हा देत राहतात. त्यांवर गायकवृंद येथे मात्र एकाच सुरावटीत, खालच्या आवाजात, मनुष्यदेह हा गवतासारखा सुकणारा आहे अशा आशयाचे शब्द म्हणतो. मग तेच शब्द दुसऱ्याने येतात तेव्हा सारा वाद्यवृंद उसळतो. आपल्या भजनी कानास ही जागा चटकन कळते, कारण येथे सर्वांची चाल एक आहे.

अवघड जागा येते ती तिसऱ्या भागाच्या अखेरीस. आणि तेथेच आपल्या श्रोत्यास एक आधार सापडतो, जो युरोपियन श्रोत्यास सुचणार नाही. एक पुरुष-गायक आयुष्याच्या क्षणिकतेचा विचार करीत करीत प्रश्नापाशी येतो : मग भरवसा कोणावर ठेवावा? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून गायकवृंद फ्यूग सुरू करतो. फ्यूग म्हणजे एकच वाक्य एका गटाने उचलावे, ते संपण्याच्या आत दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने, आणि चौघांची अशी वीण पडत जावी. येथे गायकांची एक वीण आणि वाद्यांची दुसरी, अशा दोन एकावर एक चाललेल्या आहेत. आणि ह्या सर्व गुंत्याखाली ३६ खंड, म्हणजे फ्यूगच्या आरंभापासून अंतापर्यंत, एकच खर्जातला स्वर अढळ धरून ठेवलेला आहे. पाश्चात्त्य लेखक ह्या युक्तीचे कौतुक करतात. आपण त्यास षड्ज म्हणतो, आणि तंबोऱ्यावर तो आयुष्यभर ऐकत आलेलो असतो. वरचे धागे सुटू लागले तर घाबरू नये. त्या स्वरावर कान ठेवून बसावे.

ह्याच षड्जाने पहिल्या प्रयोगाचा घात केला. १ डिसेंबर १८६७ रोजी व्हिएन्ना येथे योहान हेरबेकच्या संचालनाखाली पहिले तीनच भाग म्हटले गेले. टिंपनी वाजविणाराने तो अखंड स्वर इतक्या जोराने बडविला की गायक त्याखाली गाडले गेले. श्रोत्यांतून काहींनी नापसंतीचे आवाज काढले. हान्सलिक हा व्हिएन्नाचा मातब्बर टीकाकार. तो ब्राम्सचा चाहताच होता, पण ती फ्यूग ऐकताना धडधडत बोगद्यातून जाणाऱ्या आगगाडीतील उतारूसारखी आपली अवस्था झाली, अशा अर्थाचे त्याने लिहिले. उपमा झकास आहे, आणि एका नगारजीच्या हातून केवढी कामगिरी बिघडू शकते ह्याचे ते चांगले उदाहरण होय. शंभर जणांनी मिळून करावयाच्या कामात हा धोका नेहमीच असतो. एकटा गवई चुकला तर पुढच्या तानेत सावरून घेतो. येथे सावरणे कोणा एकाच्या हाती नसते.

त्यानंतर चार महिन्यांनी ब्रेमेन येथे जे घडले त्याने तो डाग धुऊन निघाला. तेथील कॅथीड्रलचा संगीतप्रमुख कार्ल राइनटालर ह्याने गावातील गायकवृंदाकडून ही रचना महिनोन् महिने घोटून घेतली. त्याच्या मनात एक शंका होती. दिवस गुड फ्रायडेचा, जागा कॅथीड्रल, आणि सबंध रचनेत ख्रिस्ताच्या बलिदानाचा उल्लेखसुद्धा नाही. तेव्हा काही भर घालावी, असे त्याने ब्राम्सला सुचविले. ब्राम्स बधला नाही. नावातला ‘जर्मन’ हा शब्दही काढून तेथे ‘मनुष्याचे’ असे आपण खुशीने घालू, असे त्याने कळविले. अखेर तोड अशी निघाली की अमालिए योआखिम हिने मध्ये हेंडेलच्या ‘मसाया’तील एक पद गावे, म्हणजे धर्मनिष्ठ मंडळींचेही समाधान होईल. १० एप्रिल १८६८ रोजी संध्याकाळी स्वतः ब्राम्स संचालनास उभा राहिला. त्या गर्दीत म्हातारा बाप होता. शूमानची विधवा क्लारा हीदेखील आली होती. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या पतीने त्या लेखात लिहिले होते की, हा तरुण जेव्हा वाद्यवृंद व गायकवृंद ह्यांच्या समूहशक्तीवर आपली जादूची कांडी फिरवील तेव्हा अद्भुत काही प्रकट होईल. हातात कांडी घेऊन उभ्या राहिलेल्या योहान्नेसला पाहून तिला ते भाकीत आठवले, हे तिने आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे.

ब्रेमेन येथे सहा भाग झाले. पाचवा भाग ब्राम्सने त्यानंतर, मे महिन्यात, जोडला. तो एका सोप्रानो गायिकेसाठी आहे. वाद्ये दबलेल्या आवाजात वाजतात, आणि आई लेकराचे सांत्वन करते तसे सांत्वन मिळेल, ह्या आशयाचे शब्द गायकवृंद हळूहळू म्हणत असता त्यांवर तिचा स्वर तरंगत राहतो. हांबुर्गास पोहोचण्यास ज्या मुलास उशीर झाला त्याने हे लिहिले, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. सातही भागांचा पूर्ण प्रयोग १८ फेब्रुवारी १८६९ रोजी लाइपझिग येथे कार्ल राइनेके ह्याच्या संचालनाखाली झाला.

तेथून ही रचना गावोगावच्या मंडळांनी उचलली, ह्यात नवल नाही. ती त्यांच्याच गळ्यांसाठी होती. ब्राम्सचा स्वतःचा अभ्यासही अशा मंडळांतच झाला होता. हांबुर्गास त्याने स्त्रियांचे एक गायकमंडळ चालविले होते व व्हिएन्नास १८६३-६४ मध्ये तेथील झिंग-अकाडेमीचे संचालन केले होते. त्यामुळे अव्यवसायी गळ्यास काय पेलते, कोठे दम घ्यावा लागतो, ह्याची त्यास नेमकी जाण होती. इंग्लंडातील पहिला प्रयोग तर चक्क एका घरात झाला. जुलै १८७१ मध्ये लंडनचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य सर हेन्री थॉम्सन ह्यांच्या दिवाणखान्यात थोडकी गाणारी मंडळी जमली आणि वाद्यवृंदाऐवजी एकाच पियानोवर दोघांनी चार हातांनी साथ केली. त्या दोघांपैकी एक खुद्द घरची यजमानीण, केट लोडर, ही होती. पियानोसाठी तशी मांडणी ब्राम्सनेच करून दिली होती, कारण अशी घरे पुष्कळ आहेत हे त्यास माहीत होते.

महाराष्ट्रात अशा गाण्याचे पीठ म्हणजे मुंबई. तेथे मेहली मेहता ह्यांनी १९३५ साली बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला; त्यांचे चिरंजीव झुबिन हे पुढे जगातील अग्रगण्य संचालकांत गणले गेले. १९९९ साली बूखेनवाल्डच्या छळछावणीनजीक वायमार येथे, इस्रायलचा व बव्हेरियाचा असे दोन वाद्यवृंद शेजारी शेजारी बसवून त्यांनी मालरची ‘पुनरुत्थान’ सिंफनी गायकवृंदासह सादर केली. त्या प्रसंगी एकत्र गाणे ह्या शब्दांस किती अर्थ होता, हे सांगावयास नको. आमच्या मते मात्र मुंबईच्या हकीकतीतील अधिक मोलाचे नाव व्हिक्टर परांज्योती ह्यांचे आहे. आकाशवाणीत अधिकारावर असलेल्या ह्या गृहस्थांनी १९५६ साली आपल्या नावाचा गायकवृंद स्थापिला. त्यातील मंडळी नोकरीधंदा सांभाळून गाणारी. त्यांच्या पश्चात, १९६७ पासून, कुमी वाडिया ह्या बाईंनी त्याचे संचालन केले आणि ह्या हौशी मुंबईकरांस युरोपच्या दौऱ्यांवर नेले. वनराज भाटिया ह्यांच्यासारख्या भारतीय रचनाकाराने वृंदगायनासाठी लिहिले ते असे गळे उपलब्ध होते म्हणूनच. पुढे २००६ साली नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली, आणि आज तेथील जमशेद भाभा नाट्यगृहात पूर्ण वाद्यवृंद ऐकावयास मिळतो. त्यात भारतीय वादकांच्या बरोबरीने परदेशीय वादकही पुष्कळ आहेत. ही गोष्ट काहींस खटकते. आम्हांस ती तितकीशी खटकत नाही. व्हायोलिन वाजविणारा बाहेरून आणता येतो. आठवड्यास एकदा तालमीस येणारी आल्टो गाणारी शिक्षिका मात्र त्याच शहरात असावी लागते.

किनवटहून नंदीग्राम एक्सप्रेस थेट मुंबईस जाते. ज्यांस ते जमण्यासारखे नाही त्यांनी ऑटो क्लेम्पेरर ह्याने १९६१ साली केलेले ध्वनिमुद्रण मिळवावे; आता ते मोबाइलवरही ऐकता येते. साधारण सत्तर मिनिटे लागतात. पहिल्या खेपेस पूर्ण ऐकण्याचा आग्रह धरू नये. आरंभीचा भाग ऐकावा. त्यात ब्राम्सने व्हायोलिनांस गप्प बसविले आहे, म्हणून तो सारा सायंकाळच्या रानासारखा मंद आणि गडद वाटतो. मग दुसरा, मग पाचवा ऐकावा. तिसऱ्यातील षड्जाची ओळख झाली की राहिलेले आपोआप उलगडते. सातव्या भागाच्या शेवटी पहिल्या भागाची चाल, तोच शब्द आणि तीच वीणा परत येते, तेव्हा व्हायोलिनेही बोलत असतात.

आणि तीनचार वेळा ऐकून झाल्यावर एकदा केवळ आल्टोंचा पाठपुरावा करून पाहावा. सोप्रानो वरच्या बाजूस असल्याने कानात आपण होऊन शिरतात, बास खालचा भार वाहतात म्हणून जाणवतात. मधल्या ह्या बायकांची ओळ शोधावी लागते. तिच्यात डोळे दिपविणारे असे फारसे काही नाही. पुष्कळदा ती दोनतीन स्वरांतच फिरते. पण दुसऱ्या भागात गवताच्या ओळी संपून वाद्ये थोडी थांबतात तेथे क्षणभर कान देऊन ऐकावे. ती ओळ काढून घेतली तर कोणता स्वर नाहीसा होईल, हे कळते.